सोललेल्या झाडाखालची सोयरीक

पांढरवाडीच्या गहिनीनाथाचं लग्न का जमत नव्हतं, याची कारणं गावात माणशी एक होती. कुणी म्हणे जमीन खडकाळ. कुणी म्हणे घरात चुलता आप्पासाहेब आणि पुतण्या गहिनी असे दोन बापेच. चुलीपुढं बाई नाही, सासू नाही, नणंद नाही, लेकीनं भांडायचं कुणाशी? पण खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सांगायला सगळ्यांना गोडी वाटायची म्हणून शेवटाला राखून ठेवायचे. गहिनीनाथाला प्रश्न पडायचे.

प्रश्न कुणाला पडत नाहीत? पण इतरांना पडतात ते पोटाचे, नाहीतर पाटलाचे. गहिनीला पडत ते बिनकामाचे. म्हैस पाण्यात बसते, मग गाय का बसत नाही? गावातली कुत्री दुपारची एकाच बाजूला तोंड करून का झोपतात? प्रश्न पडला की उत्तर हाती लागेपर्यंत बाकीचं जग बंद. एकदा शेवगावकडं मुलगी बघायला गेला. पोरगी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली तेव्हा हा परसात त्यांच्या मोटेच्या चाकाजवळ उकिडवा बसलेला, चाक एकाच बाजूनं का झिजलं ते बघत. पोरगी आत गेली ती गेलीच. दुसऱ्या ठिकाणी त्यानं होऊ घातलेल्या सासऱ्याला विचारलं, की तुमच्या दोन्ही बैलांची शिंगं डावीकडंच कशी वळली? सासरा म्हणाला, "आमच्यात समदं एकाच बाजूला वळतंय. तुमी बी वळा," आणि वाट दाखवली.

असं करता करता पस्तिशी आली. आप्पासाहेब बाहेर सांगताना अठ्ठावीस सांगत, आणि अठ्ठावीस सांगताना पुतण्याला जवळ उभं राहू देत नसत.

मग आलं त्र्याहत्तर साल. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली, सगळी पांढरवाडी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. ओढ्यापलीकडच्या वाकवस्तीची माणसंही त्याच कामावर. तिथं आप्पासाहेबांची गाठ पडली वाकवस्तीच्या भिमाजीशी. भिमाजीची थोरली लेक मुक्ता, चोविशीची, अजून घरातच. तीही का, याची कारणं वाकवस्तीत माणशी एक असणारच.

वैशाखातल्या एका सकाळी दोघं म्हातारे रस्त्याच्या वळणावर एका झाडाखाली विसाव्याला बसले. झाड म्हणजे नावाला झाड. दुष्काळात शेळ्यांसाठी त्याच्या सगळ्या फांद्या उतरवलेल्या, वर हाताच्या तुटक्या बोटांसारखे खुंट तेवढे राहिलेले. खालून पुरुषभर उंचीपर्यंत साल कुणीतरी सोलून नेलेली. सावली पडत होती ती बुंध्याची, एका फळीएवढी. त्यामुळं दोघांना शेजारी शेजारी बसता येईना. आप्पासाहेब पुढं, भिमाजी त्यांच्या पाठीमागं, असे दोघं एकाच बैलगाडीत बसल्यासारखे बसले, आणि सावली सरकेल तसे ढुंगणानं सरकत सरकत त्यांनी सोयरीक जमवली. पुढच्यानं मागं न बघता बोलायचं, मागच्यानं पुढच्याच्या मानेला उत्तर द्यायचं.

"नवरदेवाचं वय?" मागून आलं.

"अठ्ठावीस."

"सभाव?"

"चार लोकात तोंड उघडत न्हाई. आन पोरगी?"

"गाय हाय."

त्या गायीनं आधीची दोन स्थळं शिंगावर घेतली होती, हे भिमाजी बोलला नाही. सुपारी फुटली. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा ठरला. आप्पासाहेब संध्याकाळी घरी आले ते पटक्याचा तुरा सोडूनच.

आता यात एक चूक झाली. सुपारी फोडली, तिचं खांड सगळ्या भावकीत वाटलं, आणि आक्काबाईला द्यायचं राहिलं.

आक्काबाई म्हणजे गहिनीची लांबची आत्या. किती लांबची ते तिलाही सांगता येत नसे. पण लग्नाकार्यात ती अगदी जवळची होई. तिनं दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर, घागर काठाशी ठेवून, कुणालाही उद्देशून नाही अशा बेतानं ती म्हणाली, "बाई, सुपारी फोडली ते बरं झालं. पन ते वळनावरलं झाड हिवर हाय म्हनत्यात."

बस. घागरी भरायच्या आत गाव भरलं.

त्या भागात म्हण म्हणा, समज म्हणा, पण हिवराखाली बसलेला माणूस खरं बोलत नाही. मनात खरं असलं तरी जिभेला वळण खोट्याचंच पडतं. म्हणून हिवराखाली पंच बसत नाहीत, कुणी शपथ घालत नाही, बैलाचा सौदा करत नाही, सोयरीक तर दूरच. शेळीला हिवराची शेंग चालते, चुलीला लाकूड चालतं, माणसाच्या शब्दाला मात्र त्याची सावली चालत नाही. तिथं दिलेला शब्द धरायचा नसतो. उलट बाभळीखाली बसा, काट्यांचं काय ते सांभाळा, पण शब्दाला धोका नाही.

गावाचे दोन तट पडले. एक म्हणे बाभूळ, एक म्हणे हिवर. आणि गंमत अशी की त्या वळणावर ही माणसं महिनोनमहिने खडी फोडत होती. पण झाड डोळ्यांपुढं असेपर्यंत कुणी बघितलं होतं? नव्या रस्त्याच्या आधी तिथं वाट नव्हतीच, बांधाच्या काटेरी गर्दीतलं ते एक. गर्दी तोडली, हे एवढं सावलीला म्हणून राहिलं, आणि राहिलं तेही ओळख पुसून. पारावरच्या एका वात्रटानं निकाल दिला, "आप्पा म्हनले अठ्ठावीस आन भिमाजी म्हनला गाय. अजून काय पुरावा पायजे? हिवरच हाय ते."

ही गोष्ट ओढा ओलांडून वाकवस्तीला पोचली. भिमाजी तापट नव्हता, पण शब्दाचा माणूस होता. त्यानं निरोप धाडला, "मी बाभळीखाली शब्द दिला. तुमच्या गावात त्याला हिवर म्हनत असतील तर अमावास्येला येतो. मारुतीपुढं नवरदेवानं स्वतः सांगावं, झाड कंचं हुतं. त्यानं मला खोटा म्हनलं तर सुपारी माघारी."

म्हणजे कोडं सोपं होतं. गहिनीनं 'बाभूळ' म्हणायचं आणि बायको आणायची. दोन वर्षांच्या पोरालाही जमलं असतं. आप्पासाहेबांनी रात्री जेवताना त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"काय म्हननार?"

"बाभूळ."

"आन काय इचारनार?"

"काय न्हाई."

"शाबास. भाकरी खा."

गहिनीनं भाकरी मोडली, हातात धरली, आणि म्हणाला, "पन आप्पा, ते नक्की कोनतं हाय?"

आप्पासाहेबांनी ताटातच हात धुतला.

दुसऱ्या दिवसापासून गहिनीनाथाचं लग्न बाजूला पडलं आणि बाभूळ-हिवर सुरू झालं. कामावरून सुटला की हा माळाला. आधी पाटलाच्या बांधावरच्या बाभळीपाशी, जिच्या बाभूळपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. मग तिथून म्हसोबाच्या माळावरच्या हिवरापाशी, ज्याच्याखाली कुणी बसत नव्हतं. पुन्हा बाभूळ, पुन्हा हिवर. गुराखी म्हणायचे, नवरदेव दोन्हीकडं मुली बघून ऱ्हायलाय.

आणि खरंच त्याला तसंच वाटायला लागलं होतं. जन्मभर ही दोन्ही झाडं त्यानं काटा म्हणून बघितली होती. आता कळलं की ही चुलत भावंडं आहेत. पान एकसारखं बारीक, पिसासारखं. काटे दोघांनाही जोडीजोडीनं. पण भावकीत जसं एक घर काळं आणि एक घर गोरं, तसं बाभळीचं खोड काळपट, भेगाळलेलं, जन्मभर ढेकळं तुडवलेल्या शेतकऱ्याच्या टाचेसारखं. हिवराचं पिवळट पांढरं, त्यावरून साल पापुद्र्यानं सुटलेली. बाभूळ वर जाते तशी पसरते, जमेल तशी. हिवर मात्र माथा सपाट करून बसतो, छत्री उघडल्यासारखा, म्हणजे सावली त्याचीच जास्त चांगली. इथं गहिनी थांबला. ज्याच्या सावलीला नाव ठेवलंय त्याचीच सावली चांगली, हे कसं? कदाचित त्यामुळंच नाव ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. गार सावलीत माणूस जास्त वेळ बसतो, आणि जास्त वेळ बसला की बोलता बोलता वाढवून सांगतोच.

शेंगांचाही त्यानं तपास केला. बाभळीची शेंग करड्या रंगाची, मणी ओवल्यासारखी, प्रत्येक बीपाशी आवळलेली. हिवराची चपटी, तपकिरी, कोयत्यासारखी जराशी वाकलेली. फुलांचा हंगाम नव्हता. बाभळीची पिवळी धमक गोंड्यांची फुलं तर पोरी कानात घालतात, ती सगळ्यांना माहीत. हिवराची कशी असतात, विचारलं तर गावात कुणी सांगू शकेना. ज्याच्याखाली उभं राहायचं नाही, त्याच्या फुलाकडं कोण बघतो?

पण वळणावरच्या झाडाला ना फांदी, ना शेंग, ना पान. राहिली साल, आणि ती कुणी नेली? गहिनी गेला सहादेवाकडं. सहादेव कातडी कमावायचा, त्याला साल लागायची.

"सहादेवदा, वळनावरल्या झाडाची साल तू काढली का?"

"म्या काढली असती तर निम्मी ठिवली असती. झाड जगलं पायजे, मला पुढल्या साली बी धंदा करायचाय. ही हावऱ्या मानसाची सोलनी हाय."

"हावरा कोन?"

सहादेवानं ओढ्याच्या दिशेला नुसतं बघितलं.

ओढ्याच्या वळणावर पुंजारामचं खोपट होतं. पुंजाराम काय करतो हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि संध्याकाळचं तिकडं कोण कोण जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. गहिनी त्याच्यापुढं जाऊन बसला.

"पुंजाबापू, काढा कशाच्या सालीचा चांगला हुतो? बाभळीच्या का हिवराच्या?"

"कसला काढा?"

"खोकल्याचा."

पुंजारामनं त्याच्याकडं, मग त्याच्या मागं, मग पार रस्त्यापर्यंत बघितलं. "बाभळीचा बी हुतो. जरा खरखरतो. हिवराचा म्हंजी..." तो थांबला. "असं लोक म्हनत्यात. मला खोकला न्हाई."

"मंग वळनावरल्या झाडाची साल कोनती हुती?"

"कंचं वळन?" पुंजाराम म्हणाला, आणि उठून शेळीला चारा टाकायला गेला. त्याच्याकडं शेळी नव्हती.

म्हणजे ज्याला ठाऊक होतं त्याला सांगता येत नव्हतं. सांगायचं म्हणजे साल दारूच्या भट्टीत टाकायला नेली हेही सांगावं लागलं असतं, आणि फौजदाराचा रस्ता आता पक्का झाला होता.

अमावास्या जवळ आली तसा गहिनी विळा घेऊन झाडापाशीच गेला. बुंध्याला घाव घालायचा नव्हता, मेलेल्याला काय मारायचं. पण मुळाचा एक तुकडा खडीतून वर आला होता तो कापून बघावा असं त्याच्या मनात होतं. तिथं आधीच कुणीतरी होतं. सात-आठ शेळ्या, आणि एक बाई, खोचलेलं लुगडं, हातात लांब आकडी. ती झाडाकडंच वर बघत होती.

"फुटलंय," ती म्हणाली. जणू दोघं सकाळपासून बोलत होते.

गहिनीनं वर बघितलं. एका खुंटाला खरंच कोंब आले होते, बोटभर, पोपटी. म्हणजे मेलं नव्हतं.

"तू वाकवस्तीची?"

"मी भिमाजीची मुक्ता. तुमी झाडं हुंगत फिरनारे ना?"

आता दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. ठरलेली नवरी, भर रस्त्यात, तोंडावर असं. गहिनीच्या मनात आलं ते वेगळंच. "तुझ्या शेळ्या बाभळीचा कोंब आधी खात्यात का हिवराचा?"

मुक्तानं त्याच्याकडं नीट बघितलं. "दोन्ही खात्यात. शेळीला सोयरीक करायची नसती."

"मंग ह्ये कोनतं हाय, तुला ठावं असंल."

"असंल."

"सांग की."

"सांगते. पन आधी मला सांगा, हिवर निघालं तर?"

"तर हिवर."

"आन लगीन?"

गहिनी डोकं खाजवत उभा राहिला. "ते म्या इचारात धरलंच न्हाई," तो म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की मुक्ताला हसू दाबायला शेळीला हाक मारावी लागली.

मग तिनं सांगितलं. ह्या झाडाच्या फांद्या तिनंच उतरवल्या होत्या, गेल्या भादव्यात, कुठं काडी नव्हती तेव्हा. झाड फुलावर होतं. फुलं पिवळी गोंड्याची नव्हती, पांढुरकी, बारीक, आणि अशी एकेकटी नव्हेत तर फांदीच्या शेंड्याला घोसच्या घोस. तोडताना वाईट वाटलं होतं. खाली पडल्यावर शेळ्यांनी आधी फुलंच खाल्ली.

"शेंड्याला घोस?" गहिनीचे डोळे मोठे झाले. हिवराच्या फुलाची माहिती त्याला पहिल्यांदा मिळत होती. "वास हुता का?"

"हुता. मधमाश्या बी हुत्या. आता तुमी इचारनार किती हुत्या."

तो तेच विचारणार होता.

"मंग तू आजवर बोलली का न्हाईस?"

"बोलले तर आबा खोटा पडतो. न बोलले तर तुमी अडचनीत पडता." तिनं आकडी खांद्यावर टाकली. "परवा म्हना बाभूळ. मला चालंल. हिवर म्हना, मला त्ये बी चालंल. पन म्हनताना तुमचं तोंड कसं हुतंय ते मी बघनार हाय."

आणि शेळ्या घेऊन ती ओढ्याकडं गेली. गहिनीनं तिचं बोलणं मनात घोळवलं का? घोळवलं. पण आधी मूळ कापलं. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारा असता तर इतकी वर्षं बिनलग्नाचा कशाला राहिला असता. कापलं, नाकाशी नेलं, आणि डोकं मागं झटकलं. म्हसोबाच्या माळावरच्या हिवराची फांदी त्यानं कापली होती तेव्हा अशीच घाण, कोंदट घाण आली होती. बाभळीचा तुकडा त्यानं हुंगला होता तो साधा, ओल्या लाकडाचा.

अमावास्येला सकाळीच मारुतीपुढं माणसं जमली. एवढी माणसं आरतीला जमत नाहीत. बायका देवळाच्या भिंतीआड, आक्काबाई त्यांच्या पुढं, तिच्या हातात छत्री. भिमाजी आला तो दोन जाणती माणसं घेऊन, आणि त्यांच्या मागं थोड्या अंतरानं मुक्ता. तिनं आक्काबाईच्या शेजारची जागा घेतली, अगदी समोरची.

आप्पासाहेबांनी पुतण्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. "एकच शबुद," ते पुटपुटले.

भिमाजी म्हणाला, "सांगा जावईबापू. कंचं झाड?"

जावईबापू म्हणालाय, म्हणजे मन अजून मोकळं होतं. गहिनी उभा राहिला. त्यानं बंडीच्या खिशातून लाकडाचे दोन तुकडे काढले. आप्पासाहेबांनी डोळे मिटले.

"मामा, ह्यो पाटलाच्या बांधावरल्या बाभळीचा. ह्यो वळनावरल्या झाडाच्या मुळाचा. कालच पुन्हा ताजा कापलाय. मी काय सांगत न्हाई, तुमी समद्यांनी हुंगून बघा."

तुकडे फिरले, पानाच्या तबकासारखे, हातातून हातात. ज्याला त्याला आपल्याला हवा तो वास आला. बाभूळवाल्यांनी नाक मुरडलं नाही, हिवरवाल्यांनी तुकडा नाकाला लागायच्या आत मुरडलं. पाटील म्हणाले सर्दी आहे. असं होता होता तुकडा मागच्या रांगेत पोचला, आणि तिथं पुंजाराम बसला होता.

पुंजारामनं बाभळीचा हुंगला आणि पुढं दिला. दुसरा हुंगला, आणि त्याच्याच्यानं पुढं देववेना. चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू आजोळची कुणी म्हातारी डोक्यावरून हात फिरवतेय. मग त्यानं आवंढा गिळला. सगळ्या सभेनं तो आवंढा वरून खाली जाताना बघितला. बोलायला राहिलंच काय? ज्यांना संध्याकाळी तिकडं जायचं होतं त्यांनी तर लगेच दुसरीकडं तोंडं केली.

"हिवर हाय, मामा," गहिनी म्हणाला. आणि म्हणताना त्यानं भिंतीकडं बघितलं नाही, भिमाजीकडंच बघितलं.

सगळ्यांत नवल वाटलं ते आक्काबाईला. तिनं तर नुसती सुपारीच्या खांडासाठी जीभ सोडली होती. आपण बोललो आणि ते खरं निघालं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते तिला मुळीच मानवलं नाही. "वाऱ्यानं कुठलं तरी मूळ आलं असंल," ती म्हणाली.

भिमाजी उठला. पटका सारखा केला. "म्हंजी मी दिलेला शब्द खोटा," तो शांतपणे म्हणाला. "बरं झालं. शब्द न्हाई, तर बांधिलकी न्हाई. राम राम." आणि पायरी उतरून चालू लागला. मुक्ता उठली आणि बापाच्या मागं निघाली. तिनं गहिनीचं तोंड बघितलं होतं. काय बघितलं ते तिच्या तोंडावर दिसत नव्हतं.

आप्पासाहेब नुसते बसून होते. "शबुद एक हुता रे," ते म्हणाले. "एक."

गहिनीनाथाला आयुष्यात पहिल्यांदाच बिनकामाचा नाही असा प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर रस्त्यानं लांब चाललं होतं. तो धावला. चपला देवळाच्या पायरीशीच राहिल्या. गाव मागोमाग निघालं, जवळ नाही, ऐकू येईल इतकंच लांब. आणि त्यांत सगळ्यांत पुढं छत्री.

"मामा, थांबा."

"सुपारी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. चघळा."

"शब्द न्हाई म्हनला तुमी. मंग नवा मागायला काय हरकत हाय?"

भिमाजी चालतच राहिला. "कुठं मागतोस? बाभूळ हुडकून ठिवली असशील."

"न्हाई. झाडाखाली नकोच. हितं. उन्हात."

भिमाजी थांबला. वैशाखातलं ऊन, दुपार होत आलेली, नवा रस्ता, दोन्ही अंगाला तोडलेले बांध. कुणाचीही सावली त्याच्या पायाखालून बाहेर येत नव्हती. आक्काबाई छत्री घेऊन पुढं सरकली तसा भिमाजी म्हणाला, "बाई, ती मिटा." आणि तिनं मिटली. आक्काबाईनं कुणाचं तरी ऐकलं, हे गावानं त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"वय?" भिमाजीनं विचारलं.

"पस्तीस. छत्तिसावं लागलंय."

मागून आप्पासाहेबांचं कण्हणं ऐकू आलं.

"सभाव?"

"लई इचारतो. लोक वैतागत्यात."

"जमीन?"

"खडक. पन खडकाच्या खाली पानी हाय असं मला वाटतंय, कारन तिथं..."

"पुरं." भिमाजीनं घाम पुसला. आता त्याची पाळी होती, हे त्याला कळत होतं, आणि समोरचा माणूस पायाखाली निखारा असल्यासारखा एका पायावरून दुसऱ्यावर होत वाट बघत होता. "पोरगी गाय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "तिनं दोन स्थळं मोडली. एक तिच्या तोंडानं, एक तिच्या शेळ्यांनी. शेळ्या सोडून ती नांदायला जायची न्हाई. भाकरी चांगली करती, पन मनात आलं तर."

"शेळ्या किती?" गहिनीनं विचारलं, आणि जीभ चावली.

भिमाजी लेकीकडं वळला. आजवर त्यानं दोन सोयरिकी तिला न विचारता ठरवल्या होत्या आणि तिसरी मानेला उत्तर देत. "तू बोल गं," तो म्हणाला. "हितं झाड न्हाई."

मुक्ता गहिनीच्या पायांकडं बघत होती. डांबर न पडलेली, तापलेली खडी, आणि त्यावर तो बिनचपलेचा नाचत होता, पण बाजूच्या धुळीत मात्र उतरत नव्हता. तिथं एका बाभळीच्या खुंटाची वीतभर सावली होती.

"आबा," ती म्हणाली, "पाय भाजत्यात त्यांचं. द्या शब्द, आन निघू."